आवाज येते का देते?

‘‘सोमवारी ॲडमिट करून घेऊ,’’ सर म्हणाले आणि फाईल माझ्याकडे सरकवली. ‘‘तुम्ही उद्या होम व्हिजिट करून या. बहिणीची सही घ्या. आणि तिला सांगा, तोवर जरा जपून राहा म्हणावं. आवाज बहिणीबद्दल सांगतायत.’’

बहीण बाहेर बाकावरच बसली होती. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे तिनं सगळं ऐकलं होतं. मी बाहेर आले तर तिचा चेहरा पांढराफटक.

‘‘मॅडम, दामू मले काही करन का?’’

‘‘छे हो, कुसुमताई. काळजीपोटी सांगतात डॉक्टर.’’

हे मी बोलले खरी, पण फाईल माझ्या हातात होती आणि आवाजांबद्दलची ती नोंद माझ्याच अक्षरातली होती.

आधी माझी ओळख सांगते. मी सायकियाट्रिक सोशल वर्कर, म्हणजे डॉक्टर नाही. गोळी डॉक्टर देतात. ती गोळी घेणारा माणूस घरी कसा राहतो, कामावर जातो का, जेवतो का, कोणाशी भांडतो, हे पाहायचं काम माझं. नागपुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं मी हेच करतेय. पेशंट मला ‘गोष्टी करणाऱ्या मॅडम’ म्हणतात. चहा पीत बसायचा पगार मिळतो, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. असो.

दामोदरभाऊ माझा जुना पेशंट. पाचपावलीतलं विणकराचं घर. वडिलांपर्यंत माग होता, नंतर सगळे दुसऱ्या कामांना लागले. हे इतवारीत एका कापडाच्या ठोक दुकानात थानांच्या, म्हणजे कापडाच्या ताग्यांच्या, घड्या करायला होते. ऐन पंचविशीत त्यांना स्किझोफ्रेनिया झाला. या आजारात पुष्कळांना माणूस नसताना बोलणं ऐकू येतं. आम्ही त्याला ‘आवाज’ म्हणतो. तो भास असतो, पण ऐकणाऱ्याला आपल्याशी खरंच कोणी बोलतंय असं वाटतं. गोळ्यांनी आवाज बरेच कमी झाले. उरले त्यांच्यासोबत जगायला दामोदरभाऊ शिकले. लग्न झालं नाही. मोठी बहीण कुसुमताई लवकर विधवा झाली, ती माहेरी येऊन राहिली. ती साड्यांना फॉल-पिको करायची, हे दुकानात जायचे. वीस वर्षं दोघांचं नीट चाललं होतं. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत दामोदरभाऊंना झाला. एका मोठ्या हॉलचा वॉर्ड केला होता, तिथे ते अकरा दिवस होते. त्यांच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळाल्या की नाही, कळायला मार्ग नव्हता. कुसुमताईला भेटायची परवानगी नव्हती, फोनवर ते फक्त ‘बरा आहो’ म्हणायचे. बरे होऊन घरी आले. पुढे दोनेक महिन्यांनी कुसुमताई त्यांना घेऊन ओपीडीत आली. झोप नाही, जेवण नाही, एकाएकी दचकतात, कामातून उठून पळतात.

आमच्याकडे डॉक्टरांच्या आधी पेशंट माझ्याकडे येतो. मी माहिती लिहून घेते. तेव्हा टेबलावर प्लास्टिकचा पडदा, दोघांच्या तोंडावर मास्क, बाहेर शंभर माणसं. पण हे मी सबब म्हणून सांगत नाही. मी ठरलेला प्रश्न विचारला.

‘‘दामोदरभाऊ, आवाज येतात का?’’

‘‘येते नं.’’

‘‘कोणाचा?’’

‘‘बाजूच्याचा. आवाज देते मले.’’

‘‘काय म्हणतो?’’

‘‘सिस्टरले आवाज दे म्हणते. पाणी मांगते.’’

मी इंग्रजीत तीन तुकडे लिहिले. आमच्या फाईली इंग्रजीतच असतात. पुरुषाचा आवाज. कमांड. सिस्टरसंबंधी.

‘कमांड’ म्हणजे हुकूम देणारा आवाज. ‘अमक्याला मार’, ‘विहिरीत उडी टाक’, असलं सांगणारा. आमच्याकडे हा शब्द फाईलवर पडला की सगळे सावध होतात. सरांनी वाचलं, ‘सिस्टर’ म्हणजे शेजारी बसलेली बहीण धरली आणि गोळी वाढवली. तीन आठवड्यांनी पुन्हा वाढवली. आजार उलटला, म्हणजे रिलॅप्स, हे सगळ्यांनी मनात पक्कं केलं होतं. मीसुद्धा.

वाढलेल्या गोळीनं दामोदरभाऊंचे हात थरथरायला लागले. थानाच्या घड्या वाकड्या पडू लागल्या. दुकानात डुलक्या. सेठ म्हणाले, काही दिवस घरी आराम कर. घरी बसून तर आणखीच बिघडलं. म्हणून सरांनी ॲडमिशन काढली. दोन महिने किंवा लागतील तितके. जुन्या पेशंटचा असा मुक्काम एकदा सुरू झाला की घरी परतणं किती कठीण असतं, ते मी पाहिलं होतं. घराला सवय होते त्याच्याशिवाय राहायची. दुकानातली जागा भरते. सोमवारी सही झाली असती तर वीस वर्षांत उभं केलेलं सगळं गेलं असतं. पण फाईल म्हणत होती बहिणीला धोका आहे. मग कोण काय बोलणार?

शनिवारी सकाळी मी पाचपावलीला गेले. कुसुमताईनं खुर्चीवरच्या साड्या उचलून मला बसायला जागा केली, चहा दिला. दामोदरभाऊ दाराजवळ स्टुलावर बसले होते. बाजूला पाण्यानं भरलेला स्टीलचा गिलास, त्यावर झाकण.

‘‘पाणी कोणासाठी भरून ठेवलं?’’ मी विचारलं.

कुसुमताईनं कपाळाला हात लावला. ‘‘पाहा आता तुम्हीच.’’

पाहायला फार वेळ लागला नाही. गल्लीच्या टोकाहून कबाडीवाल्याचा आवाज आला. ‘‘ए भंगाऽऽर, रद्दीऽऽ!’’ दामोदरभाऊ ताडकन उठले. गिलास घेतला आणि अनवाणीच बाहेर पळाले. हात थरथरत होता, पाणी सांडत होतं. दारातून मी पाहत राहिले. कबाडीवाला सायकल थांबवून त्यांच्याकडे बघतच राहिला. मग बिचाऱ्यानं दोन घोट घेतले. दामोदरभाऊ परत आले, गिलास भरला, झाकण ठेवलं, स्टुलावर बसले.

‘‘दिवसभर हेच सुरू आहे, मॅडम,’’ कुसुमताई म्हणाली. ‘‘कोणीही आवाज देल्ला का हा पाणी घेऊन धावते. भाजीवाल्याले पाजलं. काल पोस्टमनले पाजलं. शेजारची बाई आपल्या पोराले आवाज देते, तर हा तिच्या घरात! दुकानातही तसंच. इतवारीत तं दिवसभर सारे एकमेकांवर ओरडतच राह्यते. ठेलेवाला ‘बाजू, बाजू’ म्हणे, अन् हा घड्या सोडून त्याच्यामागं.’’

कोणीही आवाज देल्ला का.

मी नागपूरची. इथल्या महाल भागात जन्मले, इथेच म्हातारी होऊन राहिले. आमच्याकडे कोणी कोणाला हाक मारत नाही, आवाज देतो. ‘खालून आवाज दे, मी येतो.’ ‘त्याले आवाज दे बरं.’ मी नवऱ्याला दिवसातून दहा वेळा आवाज देते आणि तो दहाही वेळा ऐकत नाही. आणि तीच मी, ओपीडीतल्या खुर्चीत बसले की माझ्यासाठी ‘आवाज’ या शब्दाला एकच अर्थ! पेशंट आपल्या घरच्या भाषेत हाक म्हणत होता, मी पुस्तकातला भास लिहून घेत होते. इतका राग आला स्वतःचा, की चहाचा कप खाली ठेवावा लागला.

आणि ही माणसं तर खरी होती. कबाडीवाला खरा, पोस्टमन खरा. दामोदरभाऊ भासामागे धावत नव्हते. ते खऱ्या हाकांमागे धावत होते, एकही न सोडता.

मी माझी खुर्ची त्यांच्या स्टुलाजवळ नेली.

‘‘दामोदरभाऊ, तो बाजूचा. त्याचा आवाज येते का तो आवाज देते?’’

त्यांनी मान वर केली. किती दिवसांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

‘‘देते.’’

‘‘कुठं?’’

‘‘हॉलमधी. बारा नंबर. मी अकरा होतो.’’

‘‘आणि सिस्टर म्हणजे?’’

‘‘सिस्टर म्हणजे सिस्टर. नर्सबाई.’’ मी एवढंही समजू नये याचं त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं.

कुसुमताईच्या तोंडून ‘‘अगं माय!’’ निघालं. कालची रात्र ती बिचारी आपल्या सख्ख्या भावापासून लपून कडी लावून झोपली होती.

मग ते हळूहळू बोलले. बारा नंबरचा माणूस कन्हानचा होता. पहिले दोन दिवस दोघांनी गोष्टी केल्या. त्याला यांच्या इतक्या वर्षांच्या आजाराचं काही माहीत नव्हतं आणि दामोदरभाऊंना त्याचंच बरं वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याला ऑक्सिजनचा मास्क लावला. त्या दुपारी जेवणं झाल्यावर आवाज आला. ‘‘भाऊ, सिस्टरले आवाज दे ना गा. पाणी दे म्हणा.’’

‘‘मग?’’

‘‘मग मी तुमचं कार्ड आठवलं.’’

ते कार्ड सांगायला हवं. खूप वर्षांपूर्वी मी ते त्यांना लिहून दिलं होतं. आवाज आले की काय करायचं, त्याचं. एक, समोर कोणाचं तोंड हलून राहिलं का ते पाहायचं. दोन, आणखी कोणी वळून पाहिलं का ते पाहायचं. तीन, दोन्ही नसेल तर उत्तर द्यायचं नाही. चार, हातातलं काम सुरू ठेवायचं. चार ओळी. या चार ओळींवर हा माणूस वीस वर्षं इतवारीत नोकरी करत होता. ट्रेनिंगला येणाऱ्या पोरींना मी ते कार्ड अभिमानानं दाखवायची.

‘‘तोंड पाहाले गेलो मी,’’ ते म्हणाले. ‘‘तं तोंड कोणाचंच दिसत नोहोतं, मॅडम. त्याच्या तोंडावर मास्क. सिस्टर लोकांच्या तोंडावर मास्क. साऱ्यांच्या तोंडावर मास्क. कोणी वळूनही नाही पाह्यलं. मशीनची बम घरघर सुरू होती. मले वाटलं, आला पुन्हा. आपला जुनाच.’’

‘‘मग?’’

‘‘मग हातातलं काम. काम काय राह्यते तिथं? चादरीच्या घड्या केल्या. उकलली, पुन्हा केली. तीनदा आवाज देल्ला त्यानं. मी घड्याच करून राह्यलो होतो. मंग बंद झाला. मले बरं वाटलं, का गेला म्हणून.’’

त्यांनी गिलासावरचं झाकण उघडून पुन्हा ठेवलं.

‘‘मले झोप लागली. उठलो तं त्याचा पलंग खाली, कोणीच नाही त्याच्यावर. सफाईचे पोट्टे फवारा मारून राह्यले होते.’’

घरात मशीनवर अर्धवट शिवलेली साडी लोंबत होती. कुसुमताई पदर तोंडाशी धरून रडत होती. मलाही रडू येत होतं, पण मी दाबलं. दामोदरभाऊ रडत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते, शाळेत वही तपासायला देऊन पोरगं उभं राहतं तसे.

‘‘बरोबर केलं नं मी, मॅडम? तुम्ही सांगतलं होतं तसंच केलं.’’

सत्तावीस वर्षांत पेशंटांनी मला शिव्या दिल्या, एकानं खुर्ची फेकून मारली. पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यात आरोप असता तर मी झेलला असता. आरोप नव्हता. त्यांना खरंच माझ्याकडून कळून घ्यायचं होतं.

कुसुमताईनं मला खुणेनं आत बोलावलं. ‘‘सांगून द्या नं, तो वाचला म्हणून. दुसऱ्या दवाखान्यात नेलं म्हणा. तुमचं आयकते दामू.’’

मोह झाला. नाही म्हणत नाही. कोण तपासणार होतं? आणि खरं काय ते आम्हाला तरी कुठे माहीत होतं? त्याला दुसरीकडे हलवलं असेल. गेला असेल. पाणी मिळालं असतं तर काही फरक पडला असता की नाही, तेही कोणी सांगू शकणार नव्हतं. पण खरं कोणतं आणि भास कोणता, हे ओळखायला ज्याला वीस वर्षं शिकवलं, त्याच्या हातात आपणच एक भास द्यायचा? मला ते जमलं नाही.

मी बाहेर येऊन बसले. ‘‘दामोदरभाऊ, त्या माणसाचं काय झालं, मला माहीत नाही. तुम्ही मी सांगितलं तसंच केलं. तुमचं काही चुकलं नाही. माझं कार्ड चुकलं. मास्क लावलेल्या माणसाचं त्यात मी काही लिहिलंच नव्हतं.’’

बाहेर कोणीतरी ओरडलं. ते अर्धवट उठले, मग माझ्याकडे पाहून बसले.

‘‘मंग बदलवा नं कार्ड,’’ ते म्हणाले.

मी सही न घेता परत आले.

सोमवारी ओपीडी सुरू व्हायच्या आत सरांच्या केबिनमध्ये गेले. सर पुण्याकडचे. हुशार आणि कडक. त्यांना उभ्या उभ्या सांगितलेलं आवडत नाही, म्हणून बसले.

‘‘सर, दामोदरची ॲडमिशन थांबवा.’’

‘‘का? बहीण नाही म्हणते?’’

‘‘नाही. माझी नोंद चुकली.’’

‘‘तुम्हीच कमांड लिहिलंय.’’

‘‘कमांड नव्हतं. वॉर्डातल्या शेजारच्या पेशंटनं त्यांना हाक मारली होती, पाण्यासाठी. सिस्टर म्हणजे नर्स.’’

सरांनी फाईल उघडली, माझ्या तीन तुकड्यांवर बोट ठेवलं. ‘‘मग हाक मारली असं का नाही लिहिलं?’’

‘‘त्यांनी ‘आवाज देते’ म्हटलं, सर. इथे हाकेला आवाज म्हणतात.’’

‘‘हे तुम्हाला माहीत नव्हतं?’’

‘‘मला जन्मापासून माहीत होतं.’’

मी सगळं सांगितलं, कार्डासकट. कार्डाच्या जागी आल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘म्हणजे तुमचं म्हणणं, त्याला आजार नाही?’’

‘‘आजार आहेच. पण हे जे आता सुरू आहे ते वेगळं आहे. हे त्यांच्यावर गुजरलेलं आहे.’’

लोकांना वाटतं, ज्याचं डोकं आधीच बिघडलेलं त्याला आणखी काय धक्का बसणार? उलट आहे. त्यालाही आपल्यासारखाच धक्का बसतो, आणि तो आपल्यासारखा सांगायला गेला तर कोणी ऐकत नाही. आमच्या धंद्यात मोठ्या धक्क्यानंतरच्या या त्रासाला ट्रॉमा म्हणतात. त्यात झालेली गोष्ट मागे पडत नाही. पुन्हा पुन्हा आत्ताच होत असल्यासारखी येते. म्हणून दामोदरभाऊ ‘आवाज दिला होता’ म्हणत नव्हते, ‘आवाज देते’ म्हणत होते. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर आम्ही लगेच ओळखलं असतं. पण फाईलवर जुन्या आजाराचं नाव इतकं मोठं होतं, की नव्या दुःखाला लिहायला जागाच उरली नव्हती.

सरांनी लगेच मान डोलावली नाही. डॉक्टरानं डोलावूही नये. ‘‘गोळी मी एकदम कमी करणार नाही. टप्प्याटप्प्यानं. दर आठवड्याला तुम्ही बसायचं त्यांच्यासोबत. महिन्याभरात फरक दिसला नाही तर ॲडमिशन. आणि मॅडम, फाईलमधलं ते खोडू नका. खाली नवीन लिहा, तारीख टाकून.’’

मी तसंच केलं. माझी चूक आजही फाईलमध्ये आहे, माझ्या सहीनिशी.

गोळी कमी होत गेली तसे हात स्थिर झाले. दर बुधवारी आम्ही बसायचो. ती दुपार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची, पुन्हा सांगायची. सुरुवातीला घामाघूम व्हायचे, अर्ध्यात उठून जायचे. मी जाऊ द्यायची, पुढच्या बुधवारी पुन्हा. कितव्या तरी बुधवारी ते म्हणाले, ‘‘आवाज देल्ला होता त्यानं.’’ देते नाही, देल्ला होता. त्यांना काही कळलंही नाही. मी मात्र खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

दरम्यान मी इतवारीत जाऊन सेठना भेटले. गादीवर बसल्या बसल्या ते म्हणाले, ‘‘मॅडमजी, पागल तो वो पहले से था. मेरे को उससे क्या? घडी सीधी चाहिए.’’ मी म्हटलं, सीधी मिलेगी. आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. ठेलेवाल्यांना पाणी पाजणं एकदम थांबलं नाही. आधी दहांतून दहा वेळा, मग चार-दोन वेळा. आता म्हणे खरोखरच कोणी मागितलं तर.

कार्ड आम्ही दोघांनी मिळून बदललं. तिसरी ओळ त्यांची आहे, मी फक्त लिहून घेतली. ‘तोंड दिसत नसन तर उठून जवळ जाचं. हात लावून पाहाचं.’

मला मिळालेला धडा साधा आहे आणि नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येक पोरीला मी तो ऐकवते. पेशंट जे बोलला ते आधी त्याच्याच शब्दात लिहा, कानामात्रेसकट. तुमचं इंग्रजी नंतर. पोरी मान डोलावतात आणि इंग्रजीतच लिहितात. मग मी पुन्हा ओरडते.

गेल्या हिवाळ्यात दामोदरभाऊ नेहमीच्या तपासणीला आले. वजन वाढलेलं, हातात कुसुमताईनं दिलेली डबापिशवी.

‘‘मॅडम, परवा आवाज आला.’’

मी पेन खाली ठेवलं. ‘‘आला का देल्ला?’’

‘‘आला. गोदामात. मले वाटलं पलीकडं कोणी आहे. उठून गेलो. थानं सरकवून पाह्यली, हात लावून पाह्यलं. कोणीच नोहोतं.’’ ते हसले. ‘‘आपला जुनाच होता, मॅडम. मंग डबा खाल्ला.’’

पेशंटला भास झाल्याचं ऐकून आनंदानं हसलेली मी एकटीच सोशल वर्कर असेन. मी फाईल ओढली आणि लिहिलं, मराठीत, जसंच्या तसं: उठून गेलो. हात लावून पाह्यलं. कोणीच नोहोतं. मंग डबा खाल्ला.